पाठचा

"प्रविण, चाय थंड व्हते रं," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, आणि बुटाची नाडी बांधता बांधता त्याचे हात थांबले.

घरात बाकी कुणाचंच काही थांबलं नाही. कुकर शिट्टीला आला, नमितानं गॅस बारीक केला. अपेक्षा कानात हेडफोन घालून जीवशास्त्राचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती, तिनं पान उलटलं. खाली रोहा-अष्टमीच्या रस्त्यावरून कंपनीची बस हॉर्न देत गेली. त्यानं मान वर करून पाहिलं. सीताबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, नेहमीसारखीच, लुगड्याचा पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. तिच्या चेहऱ्यावर काही विशेष नव्हतं. म्हाताऱ्या आईनं मुलाला चहा घ्यायला बोलावलं, एवढंच झालं होतं. तो उठला, टेबलाशी बसला, चहा प्याला. घोट घशाखाली उतरताना त्याला स्वतःचा घसा परका वाटला.

प्रविण हेच त्याचं नाव होतं. दारावरच्या पाटीवर तेच होतं, लग्नाच्या पत्रिकेत तेच, कंपनीत केबिनच्या काचेवर तेच: प्रविण काळुराम म्हात्रे, प्रॉडक्शन मॅनेजर. सगळं जग त्याला त्याच नावानं ओळखत होतं. एक आई सोडून. आईनं आजवर ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. ‘अरे’ म्हणायची, ‘ऐकतंस क’ म्हणायची, अपेक्षा झाल्यावर ‘अपेक्षाचे बापाला सांग’ म्हणायची. लग्नानंतर पहिली काही वर्षं नमिताला त्याची गंमत वाटे. "यांच्या आई यांचं नाव घेत नाहीत, जणू त्याच यांची बायको," असं ती माहेरी सांगून हसवायची. तोही हसायचा. कारण नमिताला ठाऊक नव्हतं, रोह्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, की प्रविण हा त्याचा थोरला भाऊ होता, लहानपणीच खाडीत बुडाला होता. आणि हा जो टेबलाशी बसून चहा पीत होता तो त्याच्या पाठचा, प्रणित.

कामावर जाताना पुलावरून कुंडलिका नदी ओलांडली तेव्हा रोज येतो तसा धाटावच्या कारखान्यांचा वास आला. एरवी त्या वासानं त्याला बरं वाटायचं. कामावर आलो, आता इथलं सगळं आपल्या हातातलं, असं वाटायचं. आज त्या वासातून मिठागराचा वास आला. चिखल, मीठ आणि मेलेल्या निवट्या माशांचा, भर उन्हातला. पेणच्या खाडीकाठी वाघखार नावाचा पाडा होता, आगऱ्यांची थोडी घरं. बाप मिठागरावर, आई मिठागरावर. दोघे भाऊ असे पाठोपाठचे की आईला एकाचं दूध तुटायच्या आत दुसरा झालेला. दिसायला सारखे, उंचीला जवळपास सारखे, उन्हानं दोघांचेही केस तांबूस झालेले. लोकांच्या लेखी फरक एकच होता. प्रविण हुशार होता आणि प्रणित नव्हता. पाड्यावर ते सगळ्यांना माहीत होतं, जसं कुठल्या खारीत भात येतं आणि कुठल्या येत नाही ते माहीत असतं. पेणहून दत्तात्रेय गुरुजी होडीतून आले होते. पेणच्या शाळेच्या वसतिगृहात या बाजूच्या एका पोराची सोय होणार होती. एकाचीच. गुरुजींनी पोरांना अंगणात बसवून गणितं घातली, वाचायला लावलं, आणि प्रविणच्या पाठीवर हात ठेवला. हा नाही आला तर तो, असं म्हणून बोट हिरामणकाकाच्या विशालकडे केलं. प्रणितकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यालाही त्याचं काही वाटलं नाही. तो तेव्हा कुडाला टेकून पायाच्या भेगेतलं मीठ काढत होता.

ते गुरुजी येऊन गेले आणि शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्याच्या उधाणाला, दोघे भाऊ बांधाच्या उघाडीशी, पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराशी, पोहायला गेले. भरतीचं पाणी त्या दारातून आत घुसत होतं. त्यापुढचं त्याला सलग आठवत नाही. पाणी हिरवं होतं, मग काळं होतं. कुणीतरी केसाला धरून वर ओढलं. मग आईचं लुगडं, ओलं. ती त्याला छातीशी इतकं घट्ट दाबून बसली होती की श्वास घेता येत नव्हता. लोक जोरजोरात बोलत होते, आणि त्या बोलण्यात प्रणितचं नाव येत होतं, प्रणितला शोधा, प्रणित तिकडं खाली गेला असंल. तो लुगड्यातून ऐकत होता. शाळेला जायच्या दिवशी एस.टी.त बापानं त्याला मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "शालेत नाव इचारला त क सांगशील?" त्यानं दादाचं नाव सांगितलं. बापानं मान हलवली. पुन्हा तो विषय घरात निघाला नाही, बाप मेला तरी निघाला नाही.

दुपारी प्लँटमध्ये फेरी मारताना त्याला विशाल दिसला. काकाचा विशाल कॉन्ट्रॅक्टवर होता. पिंपं भरायची, सील करायची, गाडीवर चढवायची. डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे, मानेवर रसायनाचा जुना डाग. एरवी साहेब म्हणणारा विशाल आसपास कुणी नाही असं बघून म्हणाला, "दादा, काकी बरी हाय ना?" तो ‘बरी हाय’ म्हणाला, आणि त्याच्या मनात आलं, हा मला दादा म्हणतो. प्रविण विशालहून मोठा, म्हणून दादा. पण प्रणित विशालहून लहान. लहानपणी आपण याला विशालदादा म्हणत होतो. याच्या मागं मागं खेकडे धरायला जात होतो, आणि हा ‘ए बारक्या, सर तिकडं’ म्हणून हाकलायचा. विशालला ते आठवत असेल का? तो त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. विशालचा चेहरा मोकळा होता. त्यावर लपवल्याचं काही नव्हतं. "क झाला, दादा?" विशालनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला आणि वळला.

त्या आठवड्यात आई आणखी बोलू लागली. जेवताना मधेच हात थांबवून म्हणाली, "प्रणित आला नाय रं अजून. खारीवरच बसला असंल. बोलाव त्याला, भात निवतो." नमितानं नवऱ्याकडे पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात हलक्या आवाजात म्हणाली, "तुमचा बुडालेला भाऊ ना तो? आईंचं वय झालं हो. जुन्या काळात जातात आता." अपेक्षाला तर आजीचं हे बोलणं फार आवडलं. ती अभ्यास सोडून आजीजवळ जाऊन बसायची. "आजी, प्रणितकाका कसा होता गो?" आणि सीताबाई सांगायची. तो हॉलमध्ये बसून ऐकायचा. मुलगी त्याच्याचविषयी विचारत होती, आई त्याच्याचविषयी सांगत होती, आणि त्या दोघींच्या मधे जो होता तो मेलेला होता.

रात्री झोप येईना असं झालं नाही. उलट तो गाढ झोपायचा. पण सकाळी आरशापुढे दाढी करताना त्याला चेहऱ्याशी नीट जमेना. इतकी वर्षं एक गोष्ट त्यानं कधी मनाशीही मांडली नव्हती, ती आता आपोआप मांडली जाऊ लागली: जगात एकच माणूस होतं ज्याला तो कोण आहे हे ठाऊक होतं. आई ते बोलत नव्हती, पण तिच्या न बोलण्यात तो होता. तिच्या ‘अरे’मध्ये तो होता. वसतिगृहात हजेरी घेताना मास्तर ‘प्रविण म्हात्रे’ म्हणायचे, आणि ‘हजर’ म्हणायच्या आधी तो प्रत्येक वेळी जरा थांबायचा, मागच्या बाकावरून कुणी आधी म्हणतंय का म्हणून. कुणी म्हणायचं नाही. मग तो म्हणायचा. आणि विचित्र असं की गणितं सुटायला लागली. पाड्यावर ज्याला वजाबाकी जमत नव्हती त्याला पेणला अपूर्णांक जमले, पुढे समीकरणं जमली. पेन्सिल धरली की हाताला आपसूक कळायचं. सहामाहीला तो वर्गात वरच्या मुलांत आला. बापाला कळलं तेव्हा बाप हसला नाही, नुसता त्याच्या हाताकडे बघत राहिला. कॉलेज झालं, नोकरी लागली, रोह्याला बदली, अष्टमीला फ्लॅट, अपेक्षाचं डॉक्टर व्हायचं ठरलं. लोक म्हणायचे, पोरगी बापावर गेली, हुशार. कोणत्या बापावर? तो गंभीरपणे विचार करायचा, आणि उत्तर आलं की भीती वाटायची. कारण पोरगी हसताना तिच्या गालाला पडणारी एका बाजूची खळी त्याच्या गालाला नव्हती; प्रविण हसला की ती पडायची.

एका सकाळी तो आईजवळ एकटा बसला. नमिता बाजारात गेली होती, पोरगी क्लासला. तो म्हणाला, "आई, मी कोण?" सीताबाईनं त्याचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला. "माजा प्रविण," ती म्हणाली. तिच्या आवाजात खोल माया होती. ही माया त्याला कधी मिळाली नव्हती. ती इतकी वर्षं कुठंतरी साठून राहिली होती, दुसऱ्याच्या नावानं. "आई, मी प्रणित," तो म्हणाला. ती हसली. थट्टा करणाऱ्या मोठ्या मुलाकडे बघून हसावं तशी. मग हसू मावळलं, आणि ती त्याच्या खांद्यावरून मागं बघायला लागली, तिथं कुणी उभं असावं तसं. "मला खाडीवर ने रं," ती म्हणाली. "पोर एकलाच हाय तिथं."

रविवारी त्यानं गाडी काढली. नमिता येते म्हणाली, त्यानं नको म्हटलं. पेणच्या बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या शेडमध्ये गणपती मांडलेले होते, पांढरे, अजून रंग न लागलेले. डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात. ओळीच्या ओळी आंधळ्या तोंडांनी रस्त्याकडे बघत होत्या. सीताबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि गाव मागं पडेपर्यंत मान खाली घालून बसली. पुढे वाघखारीपर्यंत आता डांबर झालं होतं. मिठागरं बहुतेक बंद पडलेली, मिठाच्या कोंड्यांत आता कोलंबीचे तलाव. हिरामणकाका ओट्यावर बसला होता. सुट्टीमुळे विशालही घरी होता. तो धावत आला, काकीला धरून आत घेऊन गेला, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. "काका," सीताबाई आत गेल्यावर तो हिरामणला म्हणाला, "जरा बांधावर चला."

ओहोटी लागली होती. बांधाखालचा चिखल चकाकत होता, त्यावर असंख्य छोटी भोकं उघडमीट करत होती. दोघे उघाडीपर्यंत चालत गेले. लाकडी दार जाऊन तिथं सिमेंटचं झालं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. दूर एक बगळा सोडला तर कुणी नव्हतं.

"काका, इथं आपण दोघंच हाव. मला सांगा. मी कोण?"

हिरामणनं त्याच्याकडे न बघता विडी काढली. "क झाला तुला? प्रविण."

"तुम्हीच मला पाण्यातून काढलात."

"मीच काढला. केसाला धरून वढला. दोघं दिसायला एक. मी वराडलो, कोनचा हाय ह्यो? तुजा बाप धावत आला, तोंड पुसला तुजा, न बोल्ला, प्रविण हाय, माजा प्रविण हाय. मंग मी क बोलनार?"

"पण मी प्रणित होतो."

"तवा तू क बोल्लास?"

त्याला आठवेना. बापानं ते मुद्दाम म्हटलं होतं की तसं व्हावं म्हणून डोळ्यांना तसंच दिसलं होतं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं, आणि विचारायला बाप नव्हता. "आईनं ओळखलं होतं," तो म्हणाला.

"वळखला असंल. आय हाय ती." हिरामणनं विडी पेटवली. मग बोलू लागला, शांतपणे, शेतीचं सांगावं तसा. "वहटीला, पानी उतरल्यावर, मयत गावला. न तुजा बाप राती माजे पायावर डोका ठेवून रडला. बोल्ला, हिरामण, एक खाडीनं नेला, दुसऱ्याला तरी वर जाव दे. मला समाजला. तवा समाजला. गुरुजी क बोल्लेला ठाव हाय ना तुला? प्रविण नाय आला त विशाल. जागा माजे पोराची होती. मी पाड्याला सांगितला, प्रविण जिता हाय, प्रणित गेला, ज्याचे तोंडातून दुसरा निंघल त्याची जीभ वढीन. पोराचे दिवस करत नाय आपल्यात. तरी केले, लोकांना दिसाला पायजे म्हनून. प्रणितचे नावानं पिंड ठेवला. तू बसलेलास बाजूला, माजे विशालला चिकटून. न कावला लगेच शिवला. तुजे बापाची दातखिलीच बसली."

चिखलातून एक निवटा उडाला आणि पडला. त्या आवाजानं तो दचकला.

"पयल्या वरसाला आमी खोटा बोलत होतो," हिरामण म्हणाला. "मंग कवातरी तो खोटा नाय रयला. आता मी डोले मिटले ना, खांद्यावरून नेला तो प्रणितच दिसतो. तोंड दिसतो त्याचा."

"काका, पण खरं तर..."

हिरामण एकदम वळला. त्याचे डोळे म्हातारे, पाणावलेले होते, पण नजर हलत नव्हती. "ऐक. माजा विशाल तुजे कंपनीत पिंपा उचलतो. त्याची मान भाजली. मी कवा बोल्लो? तुजे घरी येऊन कवा क मागला? नाय ना? मी माजे पोराची जागा प्रविणला दिली. हुशार पोर होता, सगल्यांचा नाव काढील म्हनून दिली. प्रणितला नाय दिली. प्रणितला दिली असती त मी माजे पोराचा गला कापला असता." त्यानं विडी चिखलात टाकली. "तू प्रविण हायेस. तुला प्रविणच रयाला लागल."

वारं पडलं होतं. मागं पावलं वाजली म्हणून तो वळला. विशाल सीताबाईचा हात धरून हळूहळू बांधावरून आणत होता. "ऐकतच नाय, दादा," विशाल दुरूनच म्हणाला. "खाडीवर जाते बोलते." सीताबाई उघाडीशी येऊन थांबली. तिनं विशालचा हात सोडला. एवढी वर्षं ती या बांधावर आली नव्हती. मिठागरावर जातानाही वाकडी वाट करून जायची, पण इथून नाही. आता ती काठावर उभी राहिली, तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि कुणालाही वाटलं नसतं एवढ्या मोठ्या आवाजात हाक मारली.

"प्रणित! ये रं! दादा शालेला चालला, ये त्याला सोराला!"

आवाज पाण्यावरून पलीकडच्या तिवरांपर्यंत गेला. बगळा उडाला. त्याच्या छातीत काहीतरी सर्रकन वर आलं, गळ्यापर्यंत, जिभेपर्यंत. एका अक्षराचं काम होतं. त्याचं नाव, त्याचं खरं नाव, आईच्या तोंडून, इतक्या वर्षांनी. त्याला फक्त ‘ओ’ म्हणायचं होतं. तो तिच्या शेजारीच उभा होता. हिरामण त्याच्याकडे बघत होता. विशालही बघत होता, काही न समजून, भाजलेल्या मानेवरून हात फिरवत. आईनं पुन्हा हाक मारली आणि कान देऊन थांबली. तो तिघांमधे उभा राहून ती शांतता ऐकत राहिला. तिवरांतून काही उत्तर येतं का, याची आपणही वाट बघतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं.

"आई," तो म्हणाला. आवाज खर्जातला निघाला, मोठ्या भावाला शोभेल असा. "तो नाय येणार. प्रणित गेला, आई. बुडाला तो."

सीताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू उघडला आणि ती मटकन बांधावर बसली. मग रडली. त्या वेळी ती रडली नव्हती, हे त्याला आत्ता कळलं. त्या वेळी कुठलं नाव घेऊन रडायचं हे तिला ठरवता आलं नव्हतं. आता नाव मिळालं होतं. ती पाड्यावरच्या बायका मयताला रडतात तशी हेल काढून, एकेक आठवण सांगत रडू लागली. माजे सोन्या, माजे पाठच्या लेका, टोपाचे बुडाची भाताची खरपुरी तुला लागायची रं. माजे पदराचा टोक तोंडात धरून निजायचास रं. इज चमकली का माजे पोटात शिरायचास. तुला कोनी हुशार बोल्ला नाय, पन माजे पायातला काटा तूच काढायचास, तुजे हाताला दुखायचा नाय रं. हिरामणनं डोक्यावरची टोपी काढली. विशाल खाली बसून काकीच्या पाठीवरून हात फिरवू लागला आणि त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तो उभा राहून ऐकत होता. त्याच्याविषयी एवढं कुणी कधी बोललं नव्हतं. खरपुडी, पदराचं टोक, वीज, काटा. तिनं सगळं जपून ठेवलं होतं, आणि एकेक काढून पाण्यात सोडत होती. तिनं एकेक नाव घेतलं की ते त्याला लख्ख दिसायचं. पण आतून नाही. पदर तोंडात धरून झोपलेला मुलगा त्याला शेजारच्या गोधडीवरून दिसत होता. विजेला घाबरलेल्या मुलाची त्याला दया येत होती. तो धडपडला, त्या मुलाच्या तोंडातली पदराची चव आठवायला लागला, सुती, खारट. पण खारट ही त्यानं बांधलेली अटकळ होती. त्याला चव आठवत नव्हती.

"मिठागरावर पाय भाजतान म्हनून दादाचे खांद्यावर बसून यायचास," सीताबाई रडत होती. "त्याचे केस धरायचास रं मुठीत, पडन म्हनून."

ऊन बांधावर सरळ उतरत होतं. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी काहीतरी जड होऊन बसलं. दोन बारीक टाचा, मिठानं फाटलेल्या, छातीवर आपटू लागल्या. केसांच्या मुळाशी ताण पडला. त्यानं वर पाहिलं नाही. पोर घसरू नये म्हणून त्यानं खांदे जरासे वर उचलले आणि तसाच उभा राहिला.